एटीव्हीचे टॅपेट घरी सेट करायचे आहेत: इंजिन शांत आहे, पण सुरू व्हायला रडतंय

चिखलयात्री:
नमस्कार मंडळी,

माझ्याकडे एक सिलिंडरची, एअर-कूल्ड, दोन व्हॉल्व्हची एटीव्ही (कच्च्या रस्त्यांवरची चारचाकी मोटरसायकल) आहे. जुनी, दुसऱ्याच्या हातून आलेली. आधीच्या मालकाने टॅपेट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा हलता हात, म्हणजे रॉकर, यांच्यातली फट) कधी तपासले होते का, याची कुठेच नोंद नाही. तक्रार अशी की थंड असताना सुरू व्हायला फार वेळ घेते. सेल्फ मारला की इंजिन छान फिरतं, खरं तर जरा जास्तच हलकं फिरतं, पण पकडत नाही. पकडलं तरी थोडा वेळ अडखळतं, आयडलिंग वरखाली होतं, आणि थ्रॉटल सोडला की सायलेन्सरमधून फटफट आवाज येतात. प्लग नवा टाकला, पेट्रोल ताजं आहे, एअर फिल्टर धुतला, कार्ब्युरेटर उघडून जेट साफ केले. फरक नाही.

टॅपेटचा आवाज अजिबात येत नाही, म्हणून तिकडे लक्ष गेलं नव्हतं. पण पुस्तिकेत ठरावीक तासांनी व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे हीच फट, तपासा असं लिहिलंय. इनटेक ०.१० मिमी, एक्झॉस्ट ०.१५ मिमी, इंजिन थंड. पाने आणि गोट्या आहेत, फीलर गेज (ठरलेल्या जाडीच्या पातळ पट्ट्यांचा संच) घ्यावं लागेल. हे काम घरी जमण्यासारखं आहे का? आणि आवाजच नसेल तर हात लावावा का?

घाईगडबड:
आवाज नाही म्हणजे टॅपेट ठीक आहेत. चांगलं चाललेलं उघडू नये. मला हा पायलट स्क्रूचा (कार्ब्युरेटरचं आयडलिंगचं मिश्रण ठरवणारा) घोळ वाटतो.

तरी करायचंच असेल तर फीलर गेज वगैरे काही लागत नाही. मी कानाने सेट करतो. इंजिन चालू ठेवायचं, स्क्रू हळूहळू आवळत जायचं, टकटक थांबली की चेकनट (स्क्रूला जागेवर धरणारा नट) कसायचा. संपलं.

जुना टॅपेट:
घाईगडबड, तुमचा कान चांगला असेल, पण कानाला फक्त ढिला टॅपेट ऐकू येतो. घट्ट टॅपेट बोलत नाही. टकटक थांबते ती फट जवळजवळ संपल्यावर, आणि नेमकं तिथेच तुम्ही चेकनट कसताय!

चिखलयात्री, तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती वाचून मी आधी टॅपेटच उघडले असते, आणि तेही आवाज नाही म्हणूनच. जुन्या इंजिनात फट वाढतेच असं लोक धरून चालतात. रॉकर, कॅम, स्क्रूचं टोक झिजलं तर वाढते, हे खरं. पण व्हॉल्व्ह आणि त्याची सीट (हेडमधली टेकायची कडा) एकमेकांवर आपटून झिजतात तेव्हा व्हॉल्व्ह हेडमध्ये थोडा थोडा वर सरकतो. त्याची दांडी रॉकरच्या जवळ येते आणि फट कमी होत जाते. ही झीज जास्त असेल तर वर्षानुवर्षं न बघितलेल्या इंजिनाचे टॅपेट सैल न होता आवळत जातात, आणि आवाज येण्याऐवजी असलेला आवाजही बंद होतो. मालक खूश.

फट शून्य झाली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह भयंकर तापतो आणि त्याची बहुतेक उष्णता सीटवर टेकलेला असतानाच सीटमधून हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर उष्णता जायची कुठून? शिवाय जळता वायू त्याच फटीतून सुसाट बाहेर पडतो. काठ जळतो, मग कॉम्प्रेशन जातं. तुमचा सेल्फ 'जास्तच हलका' फिरतोय, ते मला आवडलेलं नाही. पिस्टन हवा दाबतोय आणि ती कुठून तरी निसटतेय.

सैल टॅपेट त्रासदायक असतो, घट्ट टॅपेट महाग पडतो. आधी मोजा, स्क्रूला नंतर हात लावा.

दहाचा पाना:
माझ्या गाडीचं अगदी उलट आहे, म्हणून इथेच विचारतो. माझा सेल्फ अर्धा फेरा फिरतो आणि कॉम्प्रेशनवर येऊन अडकतो. पुन्हा बटण दाबलं की कधी जातो, कधी नाही. बॅटरी नवी, वायरी साफ, सेल्फची मोटर तपासून आणली. टॅपेट मात्र चांगलेच वाजतात. याचा काही संबंध असेल का?

मापटं:
दहाचा पाना, दाट संबंध आहे. बऱ्याच एटीव्हींच्या कॅमशाफ्टवर आपोआप चालणारा डीकॉम्प्रेसर असतो. इंजिन सेल्फवर सावकाश फिरत असताना एक छोटी पिन किंवा उंचवटा कॅमच्या गोल भागातून किंचित बाहेर येतो आणि कॉम्प्रेशनच्या वेळी एक्झॉस्ट व्हॉल्व्ह अगदी थोडा उचलतो. थोडा दाब निघून जातो, सेल्फला काम सोपं होतं. इंजिन सुरू होऊन वेग घेतला की वजनं बाहेर फेकली जातात आणि पिन आत जाते.

ही पिन व्हॉल्व्हला फार उचलत नाही, मिलिमीटरचा काही भागच. एक्झॉस्टची फट वाढली की तेवढी उचल फट भरण्यातच संपते आणि व्हॉल्व्ह हलतच नाही. मग पूर्ण कॉम्प्रेशन सेल्फवर येतं आणि तो अडकतो. लोक बॅटरी बदलतात, रिले बदलतात, सेल्फ बदलतात. तुमचे टॅपेट वाजतायत म्हणजे सुगावा समोरच आहे.

याच डीकॉम्प्रेसरमुळे अशा इंजिनात साध्या गेजने घेतलेलं कॉम्प्रेशनचं माप कमी येतं. पुस्तिकेत दिलेला आकडा त्या रचनेसाठीचा असतो, तो न बघता 'रिंग गेल्या' असा निकाल देऊ नका.

दहाचा पाना:
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. उघडतो आणि सांगतो.

चिखलयात्री:
पटलं. फीलर गेज मागवतो. मापटं, जरा नीट सांगाल का कसं करायचं? पुस्तिकेत चार ओळी आणि एक धूसर चित्र आहे.

मापटं:
सांगते. वेळ लागतो तो गाडीचं प्लॅस्टिक, सीट आणि टाकी काढायला. टॅपेटचं काम त्यामानाने थोडं आहे.

आधी धुणं. एटीव्हीच्या हेडवर, टाकीच्या खाली, फिन्समध्ये चिखल आणि वाळू बसलेली असते. टॅपेटचं झाकण काढलं की ती थेट रॉकरवर पडते आणि तिथून तेलात. म्हणून आदल्या दिवशी धुवून वाळू द्या, मग ब्रशने आणि हवेने झाकणांच्या कडा साफ करा. प्लगच्या खड्ड्यातली घाणही प्लग सैल करण्याआधी उडवा.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड. रात्रभर उभी असलेली गाडी सगळ्यात चांगली. काही पुस्तिकांत ३५ अंश सेल्सिअसच्या खाली असं स्पष्ट लिहिलेलं असतं. किल्ली काढून ठेवा, गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक लावलेला, पेट्रोलचा कॉक बंद. प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरेल. प्लगच्या भोकावर स्वच्छ कापड ठेवा, पण आत ढकलू नका. मग दोन्ही टॅपेटची झाकणं, आणि फ्लायव्हीलच्या बाजूचा टायमिंग बघायचा छोटा बूच. क्रँकच्या बोल्टपर्यंत पोचायला तिथेच दुसरा मोठा बूच असतो. काही गाड्यांत रिकॉइलची दोरी ओढून फिरवावं लागतं, ते जरा वैतागवाणं आहे, पण होतं.

आता इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हळूहळू फिरवा आणि इनटेकच्या रॉकरकडे बघत राहा. तो खाली दाबला गेला आणि पुन्हा वर आला, म्हणजे इनटेक बंद झाला. त्यानंतर पिस्टन वर येतोय तो कॉम्प्रेशनचा. टायमिंगच्या खिडकीत लक्ष ठेवा. आधी 'एफ' खूण दिसेल, ती स्पार्कची. तिच्यापुढे थोड्या अंतरावर 'टी' येईल. 'टी' केसिंगवरच्या खाचेसमोर आणा. आता दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. अगदी बारीक खुळखुळ, पण जाणवते. एखादा हलत नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नका, आधी टीडीसी (पिस्टन सगळ्यात वर असण्याची जागा) बरोबर आहे ना ते पाहा.

'टी' ओलांडून पुढे गेलात तर उलटं फिरवून मागे आणू नका. दोन पूर्ण फेरे पुढे फिरवून परत या. उलटं फिरवलं की टायमिंग चेनचा ढिलेपणा चुकीच्या बाजूला जातो, शिवाय काही इंजिनांत उलट्या फिरण्यावर काम करणारा डीकॉम्प्रेसर असतो, तो एक्झॉस्टला टेकू देऊन ठेवतो. माप खोटं येतं आणि तुम्हाला कळतही नाही.

मोजायचं कसं, तर ०.१५ ची पट्टी पुसून तेलाचा बारीक हात लावून रॉकरचा स्क्रू आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्यामध्ये सरळ घाला, वाकडी नाही. जाड पुस्तकाच्या दोन पानांमधून कागद ओढावा तशी हलकी पकड जाणवली पाहिजे. ही पकड प्रत्येकाच्या हाताला वेगळी वाटते, म्हणून मी दोन पट्ट्यांचा नियम वापरते. ०.१५ हवं असेल तर ०.१३ सहज गेली पाहिजे आणि ०.१७ जाता कामा नये. मग भावनेचा प्रश्न उरत नाही.

स्क्रूला हात लावण्याआधी दोन्ही आकडे लिहून ठेवा. तो कागद टाकून देऊ नका, पुढच्या वेळी तुलना करायला तोच लागतो.

जुना टॅपेट:
मापटं यांनी सगळं लिहिलं, मी फक्त चेकनटबद्दल लिहितो, कारण तिथेच बहुतेकांचं काम बिघडतं.

चेकनट सैल करा, स्क्रू फिरवून पट्टीवर बरोबर पकड आणा, मग स्क्रू किल्लीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने जागच्या जागी धरून चेकनट कसा. कसताना स्क्रू नटबरोबर थोडा फिरतो, आणि फिरला नाही तरी आट्यांमधला ढिलेपणा ओढला जाऊन फट बदलते. समजा स्क्रूची पिच ०.५ मिमी आहे. पूर्ण फेऱ्याला ०.५ मिमी, म्हणजे १५ अंश फिरला तरी ०.०२ मिमीचा फरक. तेवढं तर मनगट हललं तरी होतं. म्हणून कसल्यावर पट्टी पुन्हा घालायचीच. दोन-तीनदा करावं लागलं तर त्यात कमीपणा नाही, सगळ्यांनाच करावं लागतं. नंतर इंजिन दोन फेरे फिरवून पुन्हा 'टी'वर आणा आणि शेवटचं मोजा.

नट छोटा असतो. लांब पाना लावून जोर काढू नका, पुस्तिकेतला टॉर्क बघा.

आणि एक. जुन्या गाडीत स्क्रूचं टोक किंवा दांडीचं डोकं खोलगट झिजलेलं असतं. सपाट पट्टी त्या खड्ड्याच्या काठांवर टेकते, खड्डा मोजतच नाही. पट्टी सांगते ०.१५ आणि खरी फट त्याहून जास्त. सेट करूनही टकटक जात नाही, त्यामागे बऱ्याचदा हे असतं. बॅटरीच्या उजेडात टोक बघा. खड्डा दिसला तर स्क्रू बदला.

घाईगडबड:
एक शंका. इंजिन चालताना गरम असतं. मग गरम असतानाच सेट करणं जास्त बरोबर नाही का? थंडपणी सेट करून गरम झाल्यावर फट किती राहते हे कोणाला माहीत?

मापटं:
कंपनीला माहीत असतं, आणि त्यांनी तेच गणित करून थंडपणीचा आकडा छापलेला असतो.

घरी बसून हे गणित करता येत नाही. हेड आणि सिलिंडर ॲल्युमिनियमचे, व्हॉल्व्ह पोलादाचा. तेवढ्याच तापमानाला ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. पुशरॉडच्या इंजिनात सिलिंडर लांबला की फट वाढते, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह स्वतः हेडपेक्षा कितीतरी जास्त तापतो, तो लांबला की फट कमी होते. कुठल्या इंजिनात कोण जिंकतं ते रचनेवर ठरतं. शिवाय 'गरम' म्हणजे किती? झाकण उघडून पट्टी घालेपर्यंत तापमान उतरत असतं, म्हणजे पहिला आणि दुसरा व्हॉल्व्ह वेगवेगळ्या तापमानाला मोजला जाणार. थंड हा एकच तापमानबिंदू असा आहे की जो सगळ्यांना सारखा मिळतो.

घाईगडबड:
गणित ठीक आहे. माझी गाडी चालतेय.

जुना टॅपेट:
चालू द्या.

चिखलयात्री:
आज उघडली. 'टी' खाचेसमोर आणला. इनटेक आणि एक्झॉस्ट दोन्ही रॉकर घट्ट, अजिबात हलत नाहीत. माझ्या गेजमधली सगळ्यात बारीक पट्टी ०.०४ ची, तीसुद्धा दोन्हीकडे जात नाही. दोन्ही व्हॉल्व्ह गेले की काय?

जुना टॅपेट:
थांबा, स्क्रूला हात लावू नका.

क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदा फिरतो. म्हणजे 'टी' खूण एका चक्रात दोनदा खाचेसमोर येते. एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना. एकदा एक्झॉस्टच्या शेवटी, तेव्हा एक्झॉस्ट बंद होत असतो आणि इनटेक उघडू लागलेला असतो, दोन्ही थोडे थोडे दाबलेले. दोन्ही रॉकर एकदम घट्ट म्हणजे बहुतेक तुम्ही त्या दुसऱ्या 'टी'वर आहात. इथे जर स्क्रू सैल करून ०.१५ घातली असती तर गाडी टॅपेटचा कारखाना झाली असती.

एक पूर्ण फेरा पुढे फिरवा. 'टी' पुन्हा आणा. आता बघा.

चिखलयात्री:
बरोबर. एक फेरा पुढे फिरवल्यावर इनटेकचा रॉकर हलतो. ०.०८ सहज जाते, ०.१० अडते. एक्झॉस्ट मात्र इथेही घट्टच. ०.०४ सुद्धा जात नाही. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून पुन्हा फिरवून पाहिलं, हवा अंगठ्याला ढकलते तोच स्ट्रोक आहे, खात्री केली.

जुना टॅपेट:
मग मिळाला तुमचा चोर. एक्झॉस्ट ०.१५ वर घ्या, इनटेक ०.१० वर. आणि जोडण्याआधी एक करा. एक्झॉस्टचा स्क्रू सैल करून रॉकर मोकळा झाला की दांडीचं डोकं हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकं दाबून बघा, स्प्रिंगने लगेच परत येतो ना. अडकत असेल तर गाइडमध्ये (दांडी ज्यातून सरकते ती नळी) कार्बन आहे.

अजून एक. टायमिंगच्या बुचाची आणि टॅपेटच्या झाकणांची ओ-रिंग जुनी, चपटी झाली असेल तर नवी टाका. टॅपेटच्या झाकणांतून गळणारं तेल गरम फिन्सवर पडून धूर करतं आणि माणूस घाबरतो.

शिमसोबती:
धागा वाचून हेवा वाटला. तुम्हाला स्क्रू आहे. माझ्या स्पोर्ट एटीव्हीत वर दोन कॅमशाफ्ट, चार व्हॉल्व्ह, बकेटखाली (व्हॉल्व्हवरची वाटी) शिम (फट ठरवणारी छोटी चकती). मोजायचं म्हणजे कॅम आणि बकेटच्या मधे पट्टी, ते सोपं आहे. पण बदलायचं म्हणजे कॅमशाफ्ट काढायची. कोणी घरी केलंय का? डाव्या इनटेकला ०.०७ येतंय, पुस्तिकेत ०.१० ते ०.२०.

मापटं:
केलंय. घाई नसेल तर जमतं. हिशोब असा:

नवा शिम = जुना शिम + मोजलेली फट − हवी असलेली फट.

समजा काढलेल्या शिमवर २४५ लिहिलंय, म्हणजे २.४५ मिमी. मोजलेली फट ०.०७. मर्यादेच्या मध्यावर, ०.१५ ला आणायचंय. २.४५ + ०.०७ − ०.१५ = २.३७. शिम साधारण ०.०५ च्या टप्प्यांनी मिळतात, म्हणून २.३५ घ्यायचा. मग फट ०.१७ होईल, मर्यादेत आहे. अशा इंजिनात फट कमी होत जाण्याकडेच कल असतो, तेव्हा किंचित मोठ्या बाजूला राहिलेलं बरं. शिमवरचा आकडा पुसट असतो आणि शिम झिजलेलाही असू शकतो, त्यामुळे मायक्रोमीटरने मोजूनच हिशोब मांडा.

उघडताना चेन टेन्शनर आधी काढा किंवा मागे घ्या, मगच कॅमच्या कॅप. टेन्शनर तसाच ठेवून कॅप सोडल्या तर कॅम तिरका उचलला जातो. कॅपचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने, बाहेरून आत सोडायचे आणि कसतानाही आळीपाळीनेच. एकाच बाजूने कसलेली कॅप तडकते, आणि कॅपचं भोक हेडबरोबरच कातलेलं असल्याने बऱ्याचदा कॅप सुटी मिळत नाही, पूर्ण हेड घ्यावं लागतं. चेन तारेने बांधून वर अडकवून ठेवा. चेनच्या बोगद्यात कापड कोंबा, नाहीतर बकेट उचलताना शिम निसटतो आणि तो थेट क्रँककेसमध्ये जातो. बकेट आणि शिम ज्या जागेचे त्याच जागेवर, अदलाबदल नाही. सगळं लावून झालं की क्रँक हाताने दोन फेरे फिरवा. कुठे अडलं तर जोर लावायचा नाही, टायमिंग चुकलंय.

जुना टॅपेट:
शिमसोबती, एक विचारतो. हा व्हॉल्व्ह याआधी कधी बदललाय का? आणि पोलादाचे आहेत की टायटॅनियमचे?

शिमसोबती:
इनटेक टायटॅनियमचे, मूळचे. मागच्या सर्व्हिसला याच व्हॉल्व्हचा शिम बारीक केला होता.

जुना टॅपेट:
मग शिम मागवण्याआधी विचार करा. टायटॅनियमच्या व्हॉल्व्हवर पातळ कठीण थर असतो. तो शाबूत असेपर्यंत फट फारशी हलत नाही. थर झिजला की आतला मऊ धातू भराभर खचतो आणि प्रत्येक वेळी आणखी बारीक शिम लागतो. तो व्हॉल्व्ह पेस्टने घासून दुरुस्तही होत नाही, उरलासुरला थरही जातो. एकाच व्हॉल्व्हचा शिम दुसऱ्यांदा बारीक करायची वेळ आली तर मी हेड काढून व्हॉल्व्ह बदलायच्या बाजूने असतो. तुटून पडला तर पिस्टनही घेऊन जातो.

आणि एअर फिल्टरची कडा बघा. इनटेकची फट भराभर कमी होत असेल तर पुष्कळदा फिल्टरच्या बाजूने बारीक धूळ आत जात असते. एअर बॉक्सच्या स्वच्छ बाजूला बोट फिरवा. बोटाला धूळ लागली तर नवीन व्हॉल्व्हही तसेच जातील.

शिमसोबती:
बोट फिरवलं. लागली. फिल्टरला ग्रीस लावलेली कडाच नाही. हेड काढतोय.

दहाचा पाना:
माझं सांगायचं राहिलं. एक्झॉस्ट ०.३० च्या वर होता, हवा होता ०.१५. सेट केला. सेल्फ आता पहिल्या बटणाला फिरतो. जुनी बॅटरी पण चांगलीच होती म्हणायची.

माझ्या गाडीत एका रॉकरला दोन फाटे आणि दोन स्क्रू आहेत, म्हणजे दोन व्हॉल्व्ह एकाच रॉकरवर. पहिला सेट केला की दुसरा सेट करताना पहिल्याचं माप बदलायचं. असं का?

मापटं:
फाटे असलेल्या रॉकरला शाफ्टवर किंचित हालचाल असते. एकाच फाट्याखाली पट्टी घातली की रॉकर तिरका बसतो. दोन्ही फाट्यांखाली एकाच जाडीच्या दोन पट्ट्या एकदम घालून दोन्ही स्क्रू बसवायचे. म्हणून मी फीलर गेजचे दोन संच ठेवते.

वाचनमात्र:
माझ्या ट्विन सिलिंडर गाडीच्या पुस्तिकेत क्लिअरन्सचा आकडाच नाही. छापायचा राहिलाय का?

मापटं:
हायड्रॉलिक टॅपेट असतील. ते तेलाच्या दाबाने फट स्वतःच भरून काढतात, तिथे सेट करण्यासारखं काही नसतं. वाजत असतील तर तेलाची पातळी आणि दाब बघा. बाकी स्क्रूवाल्या ट्विनमध्ये प्रत्येक सिलिंडरचा टीडीसी वेगळा आणायचा. बऱ्याच गाड्यांत फ्लायव्हीलवर दोन वेगवेगळ्या खुणा असतात, एकावर दोन्ही उरकू नका.

चिखलयात्री:
गाडी सेट केल्यापासून सकाळी लगेच पकडते, आयडलिंग स्थिर आहे, आणि हो, आता टॅपेटचा बारीक आवाज येतो. पहिल्यांदा ऐकून दचकलो, मग आनंद झाला.

पण काही आठवडे वापरून आज पुन्हा मोजलं. इनटेक आहे तसा, ०.१०. एक्झॉस्ट ०.१५ चा ०.०९ झालाय. चेकनट घट्टच होता, स्क्रूवर मी खूण केली होती ती जागच्या जागी आहे. म्हणजे स्क्रू फिरलेला नाही.

जुना टॅपेट:
मग व्हॉल्व्ह वर सरकतोय. सीट किंवा व्हॉल्व्हचा काठ आधीच जळलेला असणार, तो आता झपाट्याने बसतोय. पुन्हा ०.१५ करून चालवता येईल, पण किती काळ ते सांगता येत नाही. आधी लीक-डाउन टेस्ट करा, कॉम्प्रेशन गेजपेक्षा ती बरी. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, प्लगच्या जागी अडॅप्टर, त्यातून नियंत्रित दाबाने हवा सोडायची आणि कान लावायचा. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट. कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक. तेल भरायच्या भोकातून आली तर रिंग. क्रँकवरचा पाना हवा सोडण्याआधी काढून घ्या. पिस्टन जरा जरी खाली असेल तर इंजिन झटकन फिरतं आणि पाना हातावर येतो.

चिखलयात्री:
केली. सायलेन्सरमधून स्पष्ट फुसफुस. तेलाच्या भोकातून अगदी किरकोळ, कार्ब्युरेटरमधून काही नाही.

जुना टॅपेट:
हेड काढा. व्हॉल्व्हचा काठ बघा. नुसते काळे ठिपके असतील तर पेस्टने घासून चालेल. एका जागी रंग बदललाय, काठ पातळ झालाय किंवा खाच पडलीय, तर व्हॉल्व्ह नवा आणि सीट मशिनवर कापून घ्या, हाताने घासत बसू नका. व्हॉल्व्ह काढलाच आहे तर गाइडमध्ये किती हलतो तेही बघा, गाइड ढिला असेल तर नवी सीटही टिकत नाही. सीट कापल्यावर व्हॉल्व्ह थोडा वर बसतो, म्हणून जोडल्यावर टॅपेट पहिल्यापासून सेट करायचे. आणि तो इतका का तापला, तेही शोधा. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे का, इनटेकच्या रबराला चीर आहे का, सायलेन्सरच्या जोडातून हवा ओढली जातेय का.

चिखलयात्री:
इनटेकच्या रबराला चीर आहे. घडीच्या आतल्या बाजूला होती, वाकवल्यावरच दिसली. रबर आणि गॅस्केटचा संच मागवला. हेड निघालं की व्हॉल्व्हचा फोटो टाकतो. तोपर्यंत एक विचारतो, टॅपेटच्या झाकणांच्या नव्या ओ-रिंग अजून आल्या नाहीत, तात्पुरतं सिलिकॉन लावलं तर चालेल का?

मापटं:
नको. आतल्या बाजूला दाबलं गेलेलं सिलिकॉन तुटून तेलाच्या जाळीत जाऊन बसतं. ओ-रिंग येईपर्यंत गाडी उभी राहू दे, तसंही हेड काढायचंच आहे.